ख्रिस्ती ट्रस्टची 'इंटरनॅशनल' शाळा: दुसऱ्या धर्माच्या लेकरांना टाकावं का, आमचा अनुभव

शाळेचं नाव टाकत नाही, कारण पोरगी अजून तिथंच शिकते आणि खाली मी ज्या तक्रारी करणार आहे त्याचा ताप तिला नको. यवतमाळ जिल्ह्याकडची आहे, गावाबाहेर, एका बाजूला जिनिंग आणि दुसऱ्या बाजूला कपाशीची वावरं, एवढं पुरे. सध्या ॲडमिशनचा सीझन आहे आणि रोज कोणीतरी फोन करून विचारते की मॅडम ती शाळा चांगली आहे म्हणतात पण ख्रिश्चन लोकांची आहे ना, पोराले काही करत तं नाहीत ना. आणि चर्चमध्ये भेटलेले आमचेच लोक बरोब्बर उलटं विचारतात, की नावालाच ख्रिस्ती आहे म्हणे, सगळी सरमिसळ करून टाकली. दोघांना एक उत्तर देता येत नाही म्हणून सविस्तर लिहिते, लांबेल, सांभाळून घ्या.

आधी माझं सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते (हो, झेडपीची बाई आणि पोरगी इंग्लिश मिडियमला, सगळ्यांचे टोमणे मारून झालेत, नवीन काही असेल तर सांगा). घर मराठी ख्रिस्ती. यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू) घडवणारं कॉलेज, होती, १९८३ ला ती पुण्याला गेली, तिथं आमचे आजोबा कामाला होते, त्यामुळं चर्च, संडे स्कूल, टिळकांची भजनं हे सगळं घरातलंच. टिळक म्हणजे लोकमान्य नाही, रेव्हरंड नारायण वामन, ज्यांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका साहेबानं बायबलमधला नवा करार दिला आणि ज्यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला ते. त्यांची भजनं आम्ही पेटी-टाळावर म्हणतो. हे मुद्दाम सांगते कारण ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी गाणं आणि गिटार असं पुष्कळ लोकांना वाटते, आणि गंमत म्हणजे या शाळेलाही सुरुवातीला तसंच वाटत होतं.

'इंटरनॅशनल'वर जास्त जाऊ नका. आयबी म्हणजे जिनिव्हाचं बोर्ड, १९६८ मध्ये निघालेलं, ते इथं नाही, केंब्रिजही नाही, साधं सीबीएसई आहे. स्टाफमध्ये केरळच्या बऱ्याच मॅडम, नागालँडच्या एक, बाकी आपल्याच भागातले. हॉस्टेलला ईशान्येकडची पोरं आहेत. नागालँडच्या मॅडमला आठवडी बाजारात लोक चायना म्हणतात, लिहायला लाज वाटते पण तेवढंच काय ते आपलं इंटरनॅशनल.

वर्गात मात्र खरंच सगळे आहेत. कुणबी, तेली, माळी तर आहेतच, बंजारा समाजाची भरपूर, बौद्ध भरपूर, मुस्लिम आहेत, गोंड आणि कोलाम घरची काही, एक जैन कुटुंब किराणावाल्यांचं, आणि आम्ही ख्रिस्ती एका वर्गात बोटावर मोजण्याइतके. म्हणजे ट्रस्ट ख्रिस्ती आणि लेकरं बहुतेक बिगरख्रिस्ती. प्रिन्सिपल मॅडम आधी दक्षिणेकडच्या एका डोंगरावरच्या बोर्डिंग शाळेत होत्या, त्या पालकसभेत सांगत होत्या की अशा जुन्या शाळांपुढं हा प्रश्न कधीपासूनचा आहे. मसूरीची वुडस्टॉक १८५४ ची. कोडाईकनाल इंटरनॅशनल तर १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या पोरांसाठीच काढलेली, पुढं १९७६ ला आयबी घेणारी भारतातली पहिली शाळा तीच, आणि आता तिथं देशोदेशीची, सगळ्या धर्मांची मुलं. घरच्यांसाठी काढलेल्या शाळेत पाहुणे जास्त झाले की घराचे नियम कोणाचे, हा तिथला प्रश्न. आमच्याकडं तर पहिल्या दिवसापासून पाहुणेच जास्त.

आता मुद्द्याचं. ॲडमिशनच्या वेळी फीच्या कागदांसोबत एक वेगळा कागद देतात, इंग्रजी आणि मराठी दोन्हीत. त्यात सरळ लिहिलंय की ही शाळा ख्रिस्ती ट्रस्ट चालवते, असेंब्लीत प्रभूची प्रार्थना (येशूनं शिकवलेली) होते, आठवड्यात एक बायबलचा तास असतो, तुमच्या पाल्यानं त्यात बसावं की नाही ते तुम्ही ठरवा, खाली हो किंवा नाही, आणि सही. मला हे एवढं आवडलं की मी तिथंच क्लार्कला म्हटलं याची झेरॉक्स द्या. कारण हा शाळेचा उपकार नाही, संविधानातच आहे. कलम ३० नं अल्पसंख्याकांना आपली शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला, आणि कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमानं म्हटलंय की सरकारची मान्यता असलेल्या किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला संमतीशिवाय बसवता येत नाही, लेकरू अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. पुष्कळ शाळा अल्पसंख्याक म्हणून पहिलं कलम दारावर लावतात आणि दुसऱ्याचा विषयच काढत नाहीत. तुम्ही कोणत्याही मिशनच्या शाळेत जाणार असाल तर हा कागद मागा, नसेल तर साध्या कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या.

आणि एक सांगू का, कलम २८ चं पहिलं पोटकलम आमच्या झेडपीच्या शाळेसाठी आहे. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाहीच द्यायचं. आमच्याकडं धार्मिक शिक्षण नाही, पण दसऱ्याला पाटीपूजन होते, सरस्वतीला हार, नारळ फुटते, प्रसाद वाटते, मी पण लाईनमध्ये उभी राहते, प्रसाद पण खाते, मला कधी कोणी कागद दिला नाही की बाई तुमची संमती आहे का. मला त्यात त्रास नाही, लेकरांचा आनंद असते. पण मिशनच्या शाळेत एक क्रॉस दिसला की ज्यांना घाम फुटते त्यांनी एकदा आपापल्या गावच्या शाळेत डोकावून यावं, एवढंच.

असेंब्ली. प्रार्थना, संविधानाची उद्देशिका, बातम्या, राष्ट्रगीत. प्रभूची प्रार्थना इंग्रजीत होते, ज्यांना म्हणायची ते म्हणतात, बाकीच्यांनी शांत उभं राहायचं, हात जोडा म्हणून कोणी सांगत नाही. त्यानंतर एक मिनिट सगळे गप्प, ज्याला मनात जे म्हणायचं ते म्हणा. प्रिन्सिपल मॅडम केरळच्या असल्यामुळं त्यांना बिजो इमॅन्युएलची केस तोंडपाठ. १९८६ ची, यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण गात नव्हती, शाळेनं काढून टाकलं, सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. मॅडम म्हणतात, राष्ट्रगीताला गप्प उभं राहणं चालते तर माझ्या प्रार्थनेला का चालणार नाही. मला पटलं.

पण हे आत्ताचं झालं. आधी असेंब्लीत 'सर्वधर्म प्रार्थना' होती आणि त्यावरून जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे. कल्पना चांगलीच. आपल्या विदर्भाला ती काही नवीन नाही, सेवाग्रामला बापू १९३६ मध्ये आले तेव्हापासूनची आश्रमाची प्रार्थना आहे, त्यात उपनिषदातलं ईशावास्य आहे, कुराणातलं आहे, पारशांचं आहे, जपानी बौद्ध भिक्षूंचा मंत्र पण आहे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना तर गावोगाव चालते, आमच्या शेजारी रोज संध्याकाळी खंजिरी वाजते. शाळेनं ठरवलं की आपण पण तसंच करू, सोमवारी ही, मंगळवारी ती, आणि मागं मोठ्ठं पोस्टर, सगळे देव एक आहेत असं इंग्रजीत.

पहिला आक्षेप आला तो माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका बौद्ध मुलाच्या वडिलांकडून, एसटीत कंडक्टर आहेत. पालकसभेत उभे राहून म्हणाले, "मॅडम, आमी देव मानतच नाई. दीक्षाभूमीवर छप्पन साली बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा देल्या, त्या माह्या पोराले पाठ हायेत. मंग सगळे देव एक हे त्याच्या तोंडून काहून म्हनून घेता? तुमची प्रार्थना तुमी म्हना, तो गप उभा राहीन. पन सगळ्यायचं एकच आहे असं आमाले नका सांगू." सभेत एकदम शांतता. मग किराणावाले जैन काका हळूच म्हणाले की आमच्याकडंही जग निर्माण करणारा देव नाही. आणि त्याच सभेत आमच्या चर्चचे एक जण म्हणाले की आम्हालाही हे पोस्टर पटत नाही, आमचा विश्वास वेगळा आहे. म्हणजे सगळ्यांना खूश करायला केलेली गोष्ट कोणालाच नको होती, फक्त ज्या मॅडमनी पोस्टर रंगवलं त्या नाराज झाल्या.

माझं मत विचाराल तर सेवाग्रामची प्रार्थना तिथं शोभते कारण तिथं येणारा माणूस आपण होऊन येते, आणि रोज तीच माणसं मनापासून म्हणतात. शाळेत साडेसातला अर्धवट झोपेत उभ्या असलेल्या तिसरीच्या पोरांकडून टाइमटेबलप्रमाणं मंगळवारचा धर्म म्हणून घेतला तर तो पाढा होते. त्यापेक्षा आमचं हे आहे, आम्ही हे म्हणतो, तुम्ही ऐका किंवा ऐकू नका, हे जास्त सरळ. पोस्टर निघालं. मिनिटभर गप्प राहायचं तेव्हापासून सुरू झालं.

दागिन्यांचा नियम, इथं शाळेचे मार्क कापते. डायरीत लिहिलं होतं की अंगावर कोणतंही धार्मिक चिन्ह किंवा दागिना नको. ठीक, सगळ्यांना सारखा असेल तर काही म्हणणं नाही. पण माझ्या पोरीच्या गळ्यात चांदीचा छोटा क्रॉस वर्षभर चालला आणि तिच्या मैत्रिणीच्या हातातला काळा दोरा पीटीच्या सरांनी कात्रीनं कापला. दोरा तिच्या आजीनं नागपूरला ताजबागला ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावरून आणून बांधला होता, घर बंजारा, पोहरादेवीला जाणारं, दर्ग्यालाही जाणारं, आपल्याकडं असंच असते. पोरगी दोन दिवस जेवली नाही नीट. त्यात राखीच्या दुसऱ्या दिवशी राख्या काढायला लावल्या, मेहंदीवरून दोघींना बाहेर उभं केलं, आणि एका मुस्लिम मुलीला स्कार्फ गेटवर काढायला सांगितला. हे सगळं एकाच महिन्यात. मी आणि दोरा कापलेल्या मुलीची आई दोघी मिळून प्रिन्सिपलकडं गेलो. मी माझ्या पोरीचा क्रॉस काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं मॅडम, हा पण कापा ना मग.

मॅडमचा चेहरा उतरला होता. त्यांनी सरांचं समर्थन केलं नाही ही चांगली गोष्ट, पण सरांनी त्या पोरीची माफी मागावी असं मी म्हटलं ते मात्र झालं नाही, "आम्ही आतमध्ये बोलू" एवढंच. नियम बदलला. आता गळ्यातलं, हातातलं जे काही श्रद्धेचं असेल ते शर्टाच्या आत चालते, क्रॉस असो, ताईत असो, दोरा असो. राखी आठवडाभर. युनिफॉर्मच्या रंगाचा स्कार्फ चालते. कात्री कोणीही हातात घ्यायची नाही. कागदावर चांगलं आहे, पण पीटीचे सर तेच आहेत, म्हणून लक्ष ठेवा.

आता नाताळचं सांगते, माझा सगळ्यात आवडता भाग. दरवर्षी येशूजन्माचं नाटक असते. मेंढपाळ म्हणजे सरळ आपले धनगर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, एकदा तर खरी बकरी आणली होती आणि तिनं गोठ्याचं सगळं गवत मध्यंतराआधीच खाऊन टाकलं. मागच्या एका वर्षी मरियेचा रोल आठवीतल्या मुस्लिम मुलीला दिला, आवाज चांगला म्हणून. मला वाटलं आता घरून नाही येईल. तिचे वडील वेल्डिंगचं काम करतात, ते शाळेत आले आणि मॅडमला म्हणाले, "बीबी मरियम का तो पूरा सूरा है कुरान में, हमको क्या दिक्कत है." खरंच आहे, एकोणिसावी सूरा मरियमच्याच नावाची आहे आणि ईसाचा जन्म त्यात आहे. फक्त त्यांची एक अट होती. नाटकात 'देवाचा पुत्र' असं जिथं येते ते वाक्य त्यांच्या मुलीच्या तोंडी नको, कारण ईसा त्यांच्यासाठी पैगंबर आहेत, देवाचा पुत्र नाहीत.

आता इथं दोन सोपे रस्ते होते, वाक्यच काढून टाका नाहीतर मुलगी बदला. नाटक बसवणाऱ्या मॅडमनी दोन्ही केलं नाही. वाक्य राहिलं, पण निवेदकाला दिलं, आणि निवेदक होता आमच्याच चर्चच्या पाळकसाहेबांचा मुलगा. त्या पोरीनं मरियेचं काम असं केलं की बाया पदरानं डोळे पुसत होत्या. चर्चमध्ये नंतर कुजबूज झाली की मरियेचं काम काय आपल्या पोरीला जमलं नसतं का. मी म्हटलं वाक्य तर तुमच्याच पोरानं म्हटलं ना माइकवरून, अख्ख्या गावासमोर, आणि पहिल्या रांगेत तिचा बाप टाळ्या वाजवत होता. अजून काय पाहिजे. पाळकसाहेब हसले फक्त.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी शाळावाले घाबरले! काय झालं माहीत नाही नक्की, व्हॉट्सॲपवर कोणीतरी धर्मांतर-धर्मांतर असे मेसेज फिरवले होते तालुक्यात, आमच्या शाळेचं नाव नव्हतं तरी ट्रस्टवाल्यांची तंतरली. नाताळच्या कार्यक्रमाचं कार्ड आलं ते 'विंटर कार्निव्हल' म्हणून. नाटक नाही, स्नोमॅनचा डान्स. आता डिसेंबरात आमच्याकडं कापूस वेचणी चालू, तूर शेंगांवर, स्नोमॅन कोणी पाहिला नाही जन्मात, थर्माकोलचे गोळे उडत होते सगळीकडं. लोक येऊन बसले आणि अर्ध्या तासात कंटाळले. शेवटी माझ्या मागं बसलेले एक आजोबा, डोक्याला टोपी, कपाळाला गंध, गावच्या हरिपाठात टाळ धरणारे, मोठ्यानं म्हणाले, "नाताळ म्हना ना बाप्पा सरळ! आमी काय गनपतीले पावसाळी महोत्सव म्हनतो का? पोट्टे दर वर्साले ते बाळाचं नाटक करत होते, ते काहून बंद केलं?"

मला तेव्हा जे वाटलं ते सांगते, हाच माझ्या या रिव्ह्यूचा गाभा समजा. ही शाळा जेव्हा जेव्हा आपलं ख्रिस्तीपण उघड ठेवते तेव्हा बाकीच्या लोकांना तिच्याशी बोलता येते, भांडता येते, अट घालता येते, जशी वेल्डिंगवाल्या भाऊंनी घातली, जसं कंडक्टर दादा उभे राहिले. लपवायला लागली की लोकांना संशय येते आणि आम्हा ख्रिस्ती लोकांना अपमान वाटते. धर्म लपवून कोणी सर्वधर्मी होत नाही, फक्त थर्माकोल उडते. पुढच्या वर्षी नाटक परत आलं, कार्डावर नाताळ छापून. बकरी नव्हती पण.

सुट्ट्यांचं पटकन सांगते. पहिली दोन-तीन वर्षं शाळा पोळ्याला चालू ठेवायचे, म्हणे राष्ट्रीय सुट्टी नाही. विदर्भात पोळ्याला शाळा! बस रिकामी जाऊन रिकामी आली. आता पोळा सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा शाळेच्याच ग्राउंडवर होते, लाकडी बैल घेऊन केजीची पोरं, नागालँडच्या मॅडम सगळ्यात जास्त फोटो काढतात. १४ एप्रिलला, ईदला, दिवाळीला सुट्टी अर्थातच. पण गुड फ्रायडे आणि इस्टरच्या मधला शनिवार चालू ठेवतात, हे ख्रिस्ती ट्रस्टचं लॉजिक मला अजून समजलेलं नाही.

हॉस्टेल माझ्या पोरीला नाही, पण मी दोनदा आत जाऊन पाहिलं. मेसमध्ये शाकाहारी आणि मांसाहारी गंज वेगळे, वाढणाऱ्या मावश्या पण वेगळ्या. बुधवारी अंडी, रविवारी चिकन, चिकन हलालवाल्याकडून आणतात आणि ते बोर्डवर लिहिलेलं असते, ज्याला नको त्याला पनीर. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मोठ्या मुलांना पहाटे सहरीचं जेवण देतात, त्यासाठी आधी पालकाचं पत्र लागते. जैन मुलाला कांदा-लसूण नसलेलं वरण वेगळं. वरण एवढं पातळ की हात धुवावे, ते मात्र सगळ्या धर्मांना सारखं आहे.

बायबलचा तास. आम्ही 'हो' लिहून दिलं होतं. इथं माझी ख्रिस्ती पालक म्हणून तक्रार. तास ज्या मॅडम घेतात त्यांना बहुतेक भीती वाटते, त्यामुळं बायबलमधली गोष्ट सांगायची आणि शेवटी खोटं बोलू नये, नखं कापावी, यावर आणून सोडायचं. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतून माझी पोरगी काय शिकून आली तर पॉकेटमनी जपून वापरावा. अहो त्या गोष्टीत बाप धावत जातो ना पोराच्या गळ्यात पडायला, ते कुठं गेलं? ज्या पालकांनी सही करून हो म्हटलं आहे त्यांच्या लेकरांना तरी नीट शिकवा. शेवटी घरीच रविवारी आम्ही शिकवतो.

आणि ज्यांनी 'नाही' लिहिलं त्यांचं त्याहून वाईट. त्या तासाला ती पोरं लायब्ररीत बसतात, शिक्षक नाही, लायब्ररीवाले काका पेपर वाचतात. कागदावर लिहिलंय की पर्यायी मूल्यशिक्षण होईल. होत नाही. शिवाय काही मुलांना वाटते की आपल्याला शिक्षा म्हणून इकडं पाठवलं. संमती नाही म्हणायचा हक्क आहे पण नाही म्हटल्यावर लेकराचा तास वाया जाणार असेल तर पुष्कळ आईबाप कंटाळून हो लिहून देतात, आणि मग त्या 'हो'ला काही अर्थ राहत नाही. मी हे लेखी दिलं आहे. सुचवलं पण आहे की त्या तासाला भागातलेच लोक बोलवा, कोणी तुकडोजी महाराजांबद्दल सांगेल, कोणी बाबासाहेबांबद्दल, कोणी गाडगेबाबांबद्दल, आपल्याकडं माणसांची काय कमी आहे. "बघतो" म्हणाले. अजून बघतच आहेत.

फॉर्मवर धर्माच्या रकान्यात एक गडबड आहे ती सांगून ठेवते. ऑनलाइन फॉर्ममध्ये सहा धर्मांचीच नावं येतात. गोंड, कोलाम घरच्या पालकांनी विचारलं की आम्ही काय लिहू तर क्लार्कनं स्वतःच हिंदू टाकून दिलं. खाली स्क्रोल केलं की 'इतर' आहे, तिथं स्वतः लिहिता येते. क्लार्कवर सोडू नका, तीच नोंद पुढं दाखल्यापर्यंत जाते.

अभ्यास चांगला, गणित आणि सायन्सला तोड नाही आमच्या भागात. मराठी कच्चं. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, शिकवतात, पण उरकून टाकल्यासारखं. चर्चची पोरं मराठी भजन रोमन अक्षरात लिहून आणतात तेव्हा माझा जीव तुटते. मागं स्नेहसंमेलनात मी मागं लागून टिळकांचं एक भजन पेटी-तबल्यावर बसवलं, सगळ्या जाती-धर्माची पोरं होती त्यात, तेव्हा ट्रस्टचे केरळचे एक साहेब मला म्हणाले की हे ख्रिस्ती गाणं आहे हे मला कळलंच नाही, अभंगासारखं वाटलं. म्हटलं सर, सव्वाशे वर्षांपासून वाटते ते तसंच.

फी वर्षाला अठ्ठेचाळीस हजार, बस वेगळी, बसचा ड्रायव्हर जोरात चालवते. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) पंचवीस टक्के कोट्यातून इथं नंबर लागेल का हे फार लोक विचारतात. नाही. अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या प्रमती केसमध्ये म्हटलं आहे, त्यामुळं एजंट कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. गरीब घरच्या पोरांना ट्रस्ट स्वतः सूट देते पण ती मागावी लागते आणि चर्चच्या शिफारशीची गरज नाही, हे मी ऑफिसमध्ये खात्री करून घेतलं आहे. आमच्या ओळखीच्या एका कोलाम कुटुंबाला अर्धी फी माफ झाली, बाप्तिस्म्याचं कोणी विचारलं नाही.

पाचपैकी साडेतीन देते. लायब्ररीवाला तास सुधारला तर चार करीन, पीटीच्या सरांनी त्या पोरीची माफी मागितली तर साडेचार.

फॉर्म जानेवारीत निघतात. आधी एक दिवस असेंब्लीला जाऊन उभे राहा, गेटवर नाव लिहून आत सोडतात, कोणाही पालकाला कोणत्याही तासाला मागं बसायची परवानगी आहे, बायबलच्या तासाला सुद्धा. संमतीचा कागद क्लार्क स्वतःहून शेवटी देते, फीची पावती फाडल्यावर, तुम्ही आधी मागा. दुपारी दीड ते अडीच ऑफिसात कोणी भेटत नाही.